देव्हाऱ्यातला तांबडा दगड

परवा देव्हारा पुसायला घेतला तेव्हा अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्यामध्ये एक दगड दिसला. सुपारीहून थोडा मोठा. एका अंगाने विटेसारखा तांबडा, खरबरीत, आणि ज्या अंगाने तो कधीतरी फुटून निघाला असेल तिथे चुलीतल्या राखेसारखा करडा. तांबड्या अंगावर हळदीकुंकवाची बोटं होती, वर आदल्या दिवशीचं जिरॅनियमचं फूल, कारण मेलबर्नच्या आमच्या अंगणात सध्या तेवढंच फुललं आहे. दगड कुठला ते विचारावं लागलं नाही. तो रंग एकदा पाहिला की डोळ्यांतून जात नाही. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, वाळवंटातल्या उलुरू नावाच्या डोंगरापाशी जाऊन आलो होतो, आणि आई रोज आंघोळ करून ज्याला फूल वाहत होती तो त्या डोंगराचा तुकडा होता.

स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "आई, हा तिथून उचललास?" ती चहाचं आधण ठेवत होती. "हो," ती म्हणाली, "एवढ्या देवाच्या डोंगरापाशी जाऊन रिकाम्या हाताने कसं यायचं?" आवाजात कसलाही आडपडदा नव्हता. लपवायचा असता तर तिने तो देव्हाऱ्यात ठेवलाच नसता. माझाच जीव उगाच कासावीस झाला. तिथून दगड, वाळू, काहीही उचलायचं नाही, हे तिथल्या पाट्यांवर लिहिलेलं होतं, मी ते वाचलं होतं आणि आईला सांगायचं राहून गेलं होतं.

उलुरूच्या उद्यानाच्या कचेरीत जवळजवळ रोज एखादं पार्सल येतं. जगभरातून. आत दगड असतो, कधी बाटलीत तांबडी वाळू, आणि सोबत पत्र. कुणी लिहितं, वीस वर्षांपूर्वी उचलला होता, चुकलं. कुणी लिहितं, तेव्हापासून घरात आजारपणं सुरू आहेत. कुणी आईवडिलांच्या पश्चात कपाट आवरताना सापडलेला दगड पाठवतं. तिथे या दगडांना नावच पडलं आहे, 'सॉरी रॉक्स'. आमच्या देव्हाऱ्यातला दगड त्यांतलाच, फक्त त्याला रोज फूल मिळत होतं. आणि त्या फुलामुळेच माझी पंचाईत झाली. कपाटात पडलेला दगड पाकिटात घालून पाठवणं सोपं आहे. पूजेत बसलेला दगड उचलायचा कसा, आणि तोही एकाहत्तर वर्षांच्या आईच्या देखत?

आपल्याकडे हे असंच चालत आलं आहे. नर्मदेच्या पात्रातला बाण घरी येऊन महादेव होतो, गंडकीतला शाळिग्राम घरी येऊन विष्णू होतो. काशीची गंगा गडूत बंद होऊन कोनाड्यात राहते, जेजुरीचा भंडारा आणि पंढरपूरचा बुक्का पुडीतून घरोघर जातो. आपले देव आपल्याबरोबर प्रवास करतात. माणूस पोटासाठी कुठेही गेला तरी डब्यात, पुरचुंडीत, बाळंतिणीच्या उशाशी देव बरोबर असतो. माझा हा देव्हाराच विमानाच्या सामानात, साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आला आहे. म्हणून आईचं वागणं तिच्या रीतीने शुद्ध होतं. ज्या लोकांचा तो डोंगर आहे त्यांची रीत वेगळी, एवढंच. पण ती किती वेगळी आहे, हे माझ्याही नीट ध्यानात आलं ते हा दगड मध्ये आल्यावर.

सप्टेंबरच्या सुट्टीतले चार दिवस होते ते. पहिल्याच पहाटे सूर्योदय बघायला अंधारात निघालो. थंडी चांगलीच होती, आईने शाल डोक्यावरून घेतली होती. वाळूच्या टेकाडावर उभं राहिल्यावर तिने डोंगराकडे नाही, आधी आकाशाकडे पाहिलं आणि बोट केलं, "कृत्तिका." उत्तरेकडच्या आकाशात तो बारीकसा झुबका स्पष्ट दिसत होता, आणि त्याच्या मागे मृग, पण उलटा, डोकं खाली आणि पाय वर. तिथल्या मूळच्या अनंगू लोकांसाठीही त्या सात बहिणीच आहेत, कुंगकारंगकल्पा. मृगाच्या जागी त्यांचा न्यिरु असतो, त्या बहिणींच्या मागे लागलेला पुरुष. मी हे लेकाला सांगत होते, तर आई म्हणाली, "म्हणजे तीच गोष्ट." जवळपास तीच. फरक असा, की आपल्या कृत्तिका आकाशात आहेत आणि तिथेच आहेत. त्यांच्या बहिणी पळताना जमिनीवरून पळाल्या. शेकडो कोस वाळवंटात कुठे त्यांनी पाण्यासाठी खणलं, कुठे आडोसा केला, कुठे रात्र काढली, त्या प्रत्येक ठिकाणाला आजही नाव आहे आणि गाणं आहे. एका टोळीच्या मुलखात गाणं जिथे संपतं तिथून ते पुढची टोळी आपल्या भाषेत उचलते. पिढ्यान्‌पिढ्या या गाण्यांच्या आधाराने माणसं पाणवठ्यापासून पाणवठ्यापर्यंत चालत आली. गाणं विसरलं तर वाट विसरली, आणि त्या मुलखात वाट विसरणं म्हणजे तहानेने मरणं.

उजेड झाला आणि डोंगर काळ्याचा जांभळा, जांभळ्याचा तांबडा होत गेला. ३४८ मीटर उंच, घेर नऊ किलोमीटरहून जास्त, आणि त्यावर झाडाचं पान नाही. आईने चपला काढून नमस्कार केला. मग तिने विचारलं, "वर देऊळ आहे का?" वर काही नाही म्हटल्यावर, "मग चढायचं कुठून?" तिचा प्रश्न साधा होता. सप्तशृंगी, जोतिबा, जेजुरी, सगळीकडे देव वर असतो आणि चढण हीच भक्ती असते. जितकं गुडघ्यांना दुखेल तितकं पदरात पडतं. इथे मात्र चढायचंच नाही. २६ ऑक्टोबर २०१९ पासून ते बंदच झालं आहे. त्याआधी अनेक वर्षं पायथ्याशी पाटी होती, की आमच्या रीतीप्रमाणे ही वाट पवित्र आहे, कृपा करून चढू नका, आणि पाटी वाचून लोक चढत होते. १९६४ मध्ये तिथे साखळी बसवली होती, धरून चढायला. इतक्या वर्षांत पस्तिसाहून जास्त माणसं त्या चढणीत गेली. अनंगूंना त्याचं दुःख व्हायचं, कारण आपल्या मुलखात आलेला माणूस हा आपला पाहुणा, त्याच्या जिवाला आपण बांधील. साखळी आता काढली आहे. पण लाखो बुटांनी घासून पडलेला फिकट पट्टा तांबड्या दगडावर लांबूनही दिसतो, वर्षानुवर्षं एकाच जागी बांगडी घासून मनगटावर पडतो तसा.

ती वाट माला पुरुषांची. माला म्हणजे सशाएवढा छोटा वॉलबी, कांगारूचा भाऊबंद, आणि माला म्हणजे त्या रूपात वावरलेले पूर्वज. ते उत्तरेकडून इथे विधीसाठी आले, त्यांनी या वाटेने वर जाऊन विधीचा खांब रोवला. विधी सुरू झालेला असताना पश्चिमेकडून दुसऱ्या विधीचं बोलावणं आलं. सुरू केलेलं अर्धं टाकून येता येत नाही, असं त्यांनी कळवलं. राग धरून त्या लोकांनी कुर्पनी नावाचं कुत्र्यासारखं भयंकर काहीतरी मंत्रून सोडलं, आणि माला दक्षिणेकडे पळाले. पायथ्याच्या कपारी म्हणजे त्यांच्या गुहा, इथे म्हाताऱ्या बसायच्या, इथे रांधणं व्हायचं. रेंजर बाई दाखवत चालल्या होत्या, आणि मला आजोळचं जुनं घर दाखवणारी आई आठवत होती. पुढे खरोखरच या भागातून माला नाहीसे झाले. २००५ पासून उद्यानातच कुंपण घालून त्यांना पुन्हा वाढवलं आहे. अनंगूंसाठी ते प्राणी परत आणणं हे वन्यजीव खात्याचं काम नव्हतं. नातेवाईक परत येत होते.

मग मुटिजुलु. डोंगराच्या पोटाशी एक पाणवठा आहे, चहूकडे वाळवंट असताना तिथे सावली, ओल आणि पक्षी. आई तिथे पोचल्यावर पहिल्यांदा मोकळेपणी बोलायला लागली. तिथली गोष्ट कुनियाची, अजगरबाईची. ती आपली अंडी हारासारखी गळ्यात घालून पूर्वेकडून आली. तिच्या भाच्याला लिरु जातीच्या विषारी सापांनी भाले मारून ठार केलं, आणि एकाने वर तिची टिंगल केली. ती संतापाने वाळू उडवत नाचत आली आणि खणायच्या काठीने तिने त्याच्या डोक्यात घाव घातला. पहिला घाव निसटता, दुसरा वर्मी. खडकावर त्या दोन भेगा आहेत. त्याची ढाल पडलेली आहे. भाल्यांची भोकं डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आहेत. तिची स्वतःची वळणं काळ्या पट्ट्यासारखी खडकावरून उतरत आली आहेत. शेवटी ती आणि भाचा एकरूप होऊन पाण्यातला साप झाले, तो अजून पाणवठा राखतो. ही गोष्ट परक्यांना सांगायची तेवढी सांगतात. त्यांच्या पोरांना आधी एवढीच कळते, मग वय वाढेल, अंगावर जबाबदारी येईल तशी पुढची. काही बायांनाच, काही पुरुषांनाच. मला ते फार पटलं. ज्ञान म्हणजे मागताच मिळालं पाहिजे असं मानण्याची आपल्याला इतकी सवय लागली आहे, की 'तू अजून तयार नाहीस' हे कुणी म्हटलं तर अपमानच वाटतो.

डोंगराभोवती काही ठिकाणी फोटो काढायला मनाई आहे. कारण असं, की या जागचे खडकावरचे तपशील म्हणजे त्यांचं धर्मशास्त्र आहे आणि ते त्याच जागी येऊन पाहायचं. फोटोतून दुसरीकडे न्यायचं नाही. मी मोबाइल पर्समध्ये टाकला, आणि मनात म्हटलं की किती सुंदर. त्याच वेळी माझ्या मागे दहा पावलांवर आई खाली वाकली असणार.

फोटोसुद्धा हलवायचा नाही, आणि आम्ही डोंगर हलवला होता.

पूर्वजांच्या या सगळ्या गोष्टींना इंग्रजीत 'ड्रीमिंग' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्पेन्सर आणि गिलन या दोघा अभ्यासकांनी अ‍ॅलिस स्प्रिंग्जकडच्या अर्रेंटे लोकांचा एक शब्द 'स्वप्नकाळ' असा लावला आणि तोच रूढ झाला. मराठीतही मी 'स्वप्नयुग' असं वाचलं आहे. पण स्वप्न म्हटलं की ते खोटं, आणि युग म्हटलं की ते सरलेलं. अनंगूंचा शब्द आहे जुकुर्पा. त्यात पूर्वजांनी जमीन घडवली ती हकिगत येते, नवरा कुठल्या गोतातला करायचा ते येतं, कुणाशी बोलताना नजर खाली ठेवायची ते येतं, गवत केव्हा जाळायचं आणि मेलेल्या सावजाचा कुठला वाटा कुणाचा, तेही येतं. हे सगळं झालं, होतंय आणि व्हायचं आहे, तिन्ही एकाच वेळी. मी आईला समजावताना आधी 'पुराण' म्हटलं, मग 'धर्म', मग 'कायदा'. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "रीत म्हण ना." मला याहून चांगला शब्द सापडलेला नाही.

या सगळ्यात लेकाने सुटसुटीतपणे एक प्रश्न विचारला होता. इथल्या शाळेत दर आठवड्याच्या सभेत मुलं म्हणतात, की आम्ही वुरुंजेरी लोकांच्या भूमीवर आहोत आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना आदराने स्मरतो. मीही ऑफिसच्या बैठका त्याच वाक्याने सुरू होताना ऐकते, आणि खरं सांगायचं तर कित्येकदा त्या वेळी मी पुढची फाइल उघडत असते. मुलांचं तसं नसतं. मुटिजुलुच्या बाकावर बसून शेंगदाण्याचा लाडू खाता खाता त्याने विचारलं, "आजी, तुझं कंट्री कुठलं?" आई म्हणाली, "भारत." "तसं नाही," तो म्हणाला, "कंट्री म्हणजे तुझी नदी कुठली, तुझा डोंगर कुठला, तुझे प्राणी कुठले, ते." इथले मूळचे लोक हा शब्द असाच वापरतात, एखाद्या माणसाचं नाव घ्यावं तसा. कंट्री आजारी पडतं, कंट्रीला आठवण येते, कंट्रीशी बोलायचं असतं. आपण नवीन माणसाला 'मूळ गाव कुठलं, कुलदैवत कुठलं' असं विचारतो, तो प्रश्न याच्या जवळचा.

आई बराच वेळ पाण्याकडे बघत होती.

"माझं पाण्याखाली आहे," ती म्हणाली.

आईचं गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. गावाच्या वरच्या अंगाला वाघजाईची राई होती. हिरडा, आंबा, जांभूळ, आणि एकमेकांत गुंतलेल्या जाडजूड वेली. त्या राईत वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. चुलीला जळण नसलं तरी नाही. पडलेलं आंबं तिथेच खायचं, ओट्यात घालून घरी आणायचं नाही. मधोमध देवी, म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा, डोक्यावर छप्पर नाही. छप्पर तिला सोसत नाही म्हणायचे. गाव उठायचं ठरलं तेव्हा गुरवाने कौल लावला, की आई, आमच्याबरोबर येतेस का? तीन दिवस पाकळी खालीच पडेना. तोवर पाणी खालच्या आळीत आलं होतं. चौथ्या दिवशी उजवी पडली. आईच्या वडिलांनी तांदळा घोंगडीत गुंडाळून पाटीत घेतला, आणि लॉरीत बसून कुंभार्ली घाटाने सगळे खाली कोकणात उतरले. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. आईच्या मांडीवर एक कोंबडी होती. तिला घाटात उलट्या झाल्या आणि कोंबडीने पाय बांधलेले असूनही तिची कुशी सोडली नाही, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

ती नेहमी इथेच थांबायची. त्या दिवशी थांबली नाही. "नव्या गावात देवीला देऊळ बांधलं," ती म्हणाली, "आता तर फरशी आहे, चांदीचा मुखवटा आहे. पण तिथे कौल कधी लागला नाही. गुरव बसायचा, पाकळ्या नुसत्या वाळून जायच्या. बाबा म्हणायचे, आली खरी, पण बोलत नाही. राईशिवाय ती कुणाशी बोलणार?" मग थोड्या वेळाने, अगदी हलक्या आवाजात, "आणि उजवी पाकळी पडली म्हणतात, पण पाणी दारात आल्यावर देवी तरी दुसरं काय सांगणार होती?"

माझ्या आजोबांना नुकसानभरपाई मिळाली. सातबाऱ्यावर जेवढं होतं तेवढ्याची. राई कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हती. ही गोष्ट डोक्यात घेऊन मी इथले खटले वाचायला लागले तेव्हा कळलं, की कागदाला न दिसणाऱ्या जमिनीची हकिगत इथे केवढी मोठी आहे. उत्तरेला यिरकालाच्या योलंगू लोकांनी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध दाद मागितली. १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निकाल दिला. या लोकांकडे काटेकोर कायदा आहे हे त्यांनी मान्य केलं. मात्र जमीन त्यांच्या मालकीची म्हणण्यापेक्षा ते लोकच जमिनीच्या मालकीचे म्हणणं जास्त खरं ठरेल, असंही नोंदवलं, आणि म्हणून मालकी हक्क लागू होत नाही! मी ते दोनदा वाचलं. त्या लोकांचं म्हणणं न्यायाधीशाला पुरतं कळलेलं होतं, आणि नेमकं कळल्यामुळेच ते हरले. चार वर्षांनी, १६ ऑगस्ट १९७५ ला, पंतप्रधान व्हिटलम यांनी गुरिंजी लोकांच्या व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या तळहातावर मूठभर तांबडी माती ओतली, जमीन परत केल्याची खूण म्हणून. लिंगियारी आणि त्यांचे सोबती १९६६ मध्ये गुरांच्या मळ्यावरचं काम सोडून बाहेर पडले होते. मजुरीसाठी सुरू झालेला तो लढा जमिनीसाठीचा लढा झाला. त्या प्रसंगाचा फोटो प्रसिद्ध आहे. म्हाताऱ्याचा तळवा खोलगट धरलेला आहे, तीर्थ घेताना धरतो तसा.

१९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी जमीनहक्काचा कायदा झाला, आणि २६ ऑक्टोबर १९८५ ला उलुरूचे कागद अनंगूंच्या हाती आले. त्याच दिवशी त्यांनी ते उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारला दिले, ती अटच होती. चढण बंद व्हायला पुढे आणखी ३४ वर्षं गेली. बरोबर त्याच तारखेची वाट पाहून बंद झाली. आणि सगळं सुधारत गेलं असंही नाही. २०२० च्या मे महिन्यात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका खाणकंपनीने जुकान घळीतल्या गुहा लोखंडाच्या खनिजासाठी सुरुंगाने उडवल्या. तिथे माणसाच्या वावराच्या ४६ हजार वर्षांच्या खुणा होत्या. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या केसांची एक वेणीही सापडली होती, आणि तिचं नातं आज हयात असलेल्या माणसांशी जुळलं होतं. कुणाच्या तरी आजीचे केस! कंपनीकडे रीतसर परवानगी होती. कोयनेलाही सगळं रीतसरच झालं होतं. धरण नको होतं असं मला म्हणता येत नाही, मी ज्या विजेच्या उजेडात अभ्यास केला ती तिथलीच. पण रीतसर आणि रीत यांत एवढं अंतर असतं.

आम्ही मेलबर्नला घर घेतलं तेव्हा वास्तुशांत केली. गुरुजी संकल्प सोडताना देश आणि काळ सांगतात, आपण कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर बसलो आहोत ते. गुरुजींनी क्षणभर थांबून यजमानांना नदीचं नाव विचारलं आणि आम्ही सांगितलं, यारा. पुढे कधीतरी कळलं की यारा हे नाव गैरसमजातून पडलं आहे. १८३५ मध्ये एका भूमापकाने धबधब्याशी लोकांना 'यारो यारो' म्हणताना ऐकलं आणि तेच नदीचं नाव समजून लिहून घेतलं. वुरुंजेरी लोक नदीला बिरारंग म्हणतात. म्हणजे आमच्या घराच्या पहिल्या संकल्पात आम्ही नदीला परक्याच नावाने हाक मारली. त्याच दिवशी अंगणात क्षेत्रपालाला दहीभाताचा बळी ठेवला. या क्षेत्राचा पाल कोण, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. तो आता मला दर वेळी पडतो, कुंपणावर कावळा येऊन बसला तरी. इथल्या कथांत कावळ्याचं नाव 'वा' आहे, गरुडाचं बुंजिल, आणि बुंजिलने हा मुलूख घडवला आहे. आम्ही पितृपक्षात पान ठेवतो ते इथल्या या 'वा'समोर. तो खातो.

दगडाचं काय करायचं ते मी आईला सांगू शकले नाही. तिनेच दोन दिवसांनी विषय काढला. मी तिला त्या पार्सलांचं, पत्रांचं सांगितलं. आजारपणांचं सांगितलं नाही, भीती घालून दगड परत करायला लावणं मला बरं वाटेना. तिने एवढंच विचारलं, "परत गेलेले दगड ते कुठे ठेवतात?" तीच तर अडचण आहे, मी म्हटलं. बहुतेकांना आपण नेमका कुठून उचलला ते आठवत नाही. दगड परत येतो, पण त्याची जागा कळत नाही.

"मला आठवतं," आई म्हणाली.

तिने देव्हाऱ्यापुढे बसून दगडावर अक्षता टाकल्या आणि गणपती विसर्जनाला हलवतात तसा तो जागेवरच जरासा हलवला. मग बोटाने कुंकू पुसलं, पाण्याने धुतला, उन्हात वाळवला. त्यांच्या वस्तूला आपलं कुंकू कशाला, म्हणाली. मी इंग्रजीत पत्र लिहिलं, माफी मागितली, तारीख घातली. आईने पत्राची मागची बाजू मागून घेतली आणि बॉलपेनने काढायला सुरुवात केली. गाड्या लावतो ती जागा. तिथून वाट. वाट उजवीकडे वळते तिथे दोन फाट्यांचं झाड. मग बाक, "तुझ्या लेकाने लाडू सांडला तो." बाकाच्या डाव्या अंगाला वाकलेलं झुडूप, झुडपाच्या मुळाशी तीन दगड, त्यांतला मधला. तिने मधल्या दगडाच्या जागी फुली मारली आणि शेजारी मराठीत लिहिलं, करडी बाजू खाली. मी खाली त्याचं इंग्रजी केलं.

पाकीट चिकटवून झालं तरी तिच्या हातातलं पेन सुटलं नव्हतं. लेक बाजूला बसून बघत होता. "आता तुझं काढ," तो म्हणाला. आईने त्याच्या चित्रकलेच्या वहीतलं पान ओढलं. आधी नदी काढली, पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन वळणांची. नदीला लागून भाताची खाचरं, मग खालची आळी, एकेक घर चौकोनाने, प्रत्येकावर नाव. आमचं घर, त्याच्यामागे फणस. गोठा. पाणंद. पाणंद वर चढत चढत पानाच्या कोपऱ्यापर्यंत आली, तिथे तिने गच्च झाडं काढली, एकावर एक, निळ्या शाईने कोपरा भरून जाईपर्यंत. लेकाने पाणंदीवरून बोट चालवत नेलं आणि झाडांत शिरायला लागला, तेव्हा तिने त्याचं बोट हलकेच धरलं.

"इथून पुढे," ती म्हणाली, "चपला काढायच्या."